डेल्बर्ट स्ट्राउडचा अडतीस इंची पट्टा

डेल्बर्ट स्ट्राउडकडे पिस्तूल एकच आहे. म्याने मात्र चौदा; मी स्वतः मोजली आहेत. गराजमधल्या ज्या लाकडी खोक्यात पूर्वी त्याच्या वडिलांचे मासेमारीचे सामान असे, त्यात ती एकावर एक कोंबलेली असतात. कोणी पाहुणा आला की लग्नाचे फोटो दाखवावेत तशी तो ती एकेक करून बाहेर काढतो. हे पोटाला टोचले, ते गाडीत बसले की बरगडीपर्यंत वर सरकले, तिसऱ्याने घामात रंग सोडला, चौथ्यामुळे कोटाला कुबड आले. दोष नेहमी म्यानाचा. चौदा कारागिरांनी कट करून एका निरपराध माणसाचा छळ मांडला आहे, अशी त्याच्या बोलण्यावरून ऐकणाऱ्याची समजूत व्हावी. पंधराव्याची हकीकत तो कोणाला सांगत नाही, म्हणून ती मी लिहून ठेवत आहे.

कॉटर मिलमध्ये कमरेला पिस्तूल असणे ही बोलण्याची गोष्ट नाही. गुरांच्या डॉक्टराच्या कमरेला असते, टपाल कचेरीपुढे बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या असते, माझ्याही कमरेला बेचाळीस वर्षे एकच आहे. चष्म्याच्या घराविषयी जितके बोलावे तितकेही मी त्याविषयी कधी बोललो नाही. डेल्बर्ट मात्र दुसरे काही बोलतच नाही. ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या खिडकीमागे तो सत्तावीस वर्षे उभा आहे. फिल्टर मागायला आलेल्या शेतकऱ्याला फिल्टर मिळण्यापूर्वी उजव्या कुशीवरचे म्यान बरे की पाठीकडचे, कातडे घोड्याचे चांगले की गाईचे, हे ऐकून घ्यावे लागते.

मी त्याला हायस्कुलात भूमिती शिकवली; एकाच इयत्तेत दोनदा. एकदा त्याने त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे दहा अंश काढली. मी कारण विचारले तेव्हा त्याने शाळेचा कोनमापक खोटा असल्याचे सांगितले. तो कोनमापक मी पुढे वीस वर्षे वापरला. त्यात दोष नव्हता.

गोष्ट सुरू झाली ती फ्लॉइड बॅस्कम पायरीवरून पडला त्या सप्टेंबरात. आमच्या चर्चमध्ये रविवारी दरवाजावर पहारा असतो. सात जणांची तुकडी, आणि फ्लॉइड तिचा प्रमुख. प्रमुखाने मुख्य दरवाजाच्या आत उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि कोण आले, कोण गेले यावर डोळा ठेवायचा. खुब्याचे हाड मोडल्यावर फ्लॉइडने जाहीर केले की मेअखेर आपण टल्सा शहरात मुलीकडे राहायला जाणार. तोवर दुसरा प्रमुख निवडा. निवड पाद्री हॉलिस, फ्लॉइड आणि चर्चचा चिटणीस या नात्याने मी, अशा तिघांनी करायची होती. इच्छुक दोघे: डेल्बर्ट आणि अर्डिथ प्रुइट. अर्डिथने एकतीस वर्षे शाळेची बस चालवली आहे. बर्फातही तिची बस चार मिनिटांपेक्षा जास्त उशिरा आली नाही, हे मी हजेरीपटावरून सांगू शकतो.

डेल्बर्टला ते दार नऊ वर्षांपासून हवे होते. त्याची बायको नेडीन हिने मला एकदा केकचा तुकडा वाढता वाढता सांगितले, "सर, त्यांनी कोटसुद्धा घेऊन ठेवलाय. करडा. फ्लॉइडचं हाड मोडायच्या आधीच."

"मग आता अडलंय कुठं?" मी विचारले.

"तुमच्या कलमांत."

पहाऱ्याचे नियम मी लिहिलेले आहेत. एकूण अकरा कलमे. चौथे असे, की म्यान चांगल्या जाड कातड्याचे असावे, चाप पूर्ण झाकलेला असावा, आणि पिस्तूल काढून घेतल्यावरही म्यानाचे तोंड उघडे राहावे; मऊ पडून दुमडलेले तोंड परत ठेवताना चापात अडकते. सातवे कलम एका ओळीचे आहे: इमारतीत असेपर्यंत म्यान कमरेवरून उतरवू नये. डेल्बर्टच्या चौदांपैकी एकही म्यान चौथ्या कलमात बसत नव्हते. निम्म्यांची तोंडे जुन्या पायमोज्यासारखी मिटलेली होती. तेव्हा त्याने अन्सेल किट्रेजकडून म्यान करवून घ्यायचे ठरवले आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मला गाडीत घालून तिकडे नेले.

"नियम तुमचे, तेव्हा डोळेही तुमचेच असू द्या, सर," तो म्हणाला.

अन्सेल जिनगर आहे. खोगिरे, लगाम, गुरांचे पट्टे आणि मागणी असेल तर म्याने. त्याचे दुकान वीस मैलांवर, पेंडीच्या जुन्या गुदामात. आम्ही गेलो तेव्हा तो ओले कातडे निळ्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलाभोवती हाडाच्या पट्टीने दाबत बसला होता. त्याने मान वर केली, पण पिस्तुलाविषयी काही विचारले नाही. डेल्बर्टच्या कमरेकडे पाहिले.

"कोट वर कर. वळ."

डेल्बर्ट वळला. मोठ्या दुकानातला पातळ पट्टा पिस्तुलाच्या वजनाने त्या बाजूला बाहेर कलंडला होता.

"तुला म्यान नकोय," अन्सेल म्हणाला. "तुला पट्टा हवाय. असल्या चिंधीवर मी सोन्याचं म्यान लावलं तरी ते लोंबणारच. दुहेरी कातडं, दीड इंच रुंद. आधी तो, म्यान त्याच्यामागून."

"पट्टा पण करा. पण म्यान मला झटकन काढता-घालता यायला हवं. ती टिचबटणाची असतात ना, तसलं."

"कशाला?"

"जेवायला बसताना मोकळं बसता येतं."

"काढता येतं म्हणजे विसरताही येतं." अन्सेलने टेबलाखालून एक साधे म्यान काढले, कातड्यातच दोन चिरा होत्या आणि पट्टा त्यांतून ओवायचा होता. "हे बघ. सकाळी पट्ट्याबरोबर चढतं, रात्री पट्ट्याबरोबर उतरतं. मधे त्याला हात लावायचं कामच नाही. अर्डिथ प्रुइटचं असंच आहे."

"अर्डिथ बस चालवायची," डेल्बर्ट म्हणाला. "तिला काय, बसूनच काम."

अन्सेलने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. टिचबटणांचे ठरले. त्यानंतर डेल्बर्टने म्यानावर ओकच्या पानांची नक्षी आणि स्वतःची आद्याक्षरे मागितली. जी वस्तू कोणाला दिसू नये म्हणून माणूस खास कोट शिवतो, तिच्यावर नक्षी काढून घेणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

"हात वर कर," अन्सेल मोजपट्टी घेऊन उठला.

डेल्बर्ट एक पाऊल मागे सरकला. "राहू द्या, कशाला तुम्हाला त्रास. फॉर्म द्या, घरी निवांत मोजून पाठवतो."

"मग नीट ऐक. पॅन्टवरचा आकडा लिहायचा नाही. आत्ता लावलायस तो पट्टा टेबलावर पसरायचा आणि बकलापासून तू ज्या भोकात अडकवतोस तिथवर मोजायचं. म्यानासाठी एक इंच मी धरतो. पॅन्ट शिवणारा तुला खूश करायला बसलाय. मी नाही बसलो."

"कळतं हो मला," डेल्बर्ट म्हणाला. "पंधरावं म्यान आहे माझं."

"त्याचीच काळजी वाटतेय," अन्सेल म्हणाला आणि पुन्हा ओल्या कातड्याकडे वळला.

फॉर्म डेल्बर्टने चर्चच्या कचेरीत, माझ्या टेबलावर भरला. पाकीट मी देणार होतो. कमरेच्या रकान्यात त्याने मोठ्या ठळक आकड्यांत अडतीस लिहिले. अडतीस हा आकडा त्याच्या पॅन्टवर असतो हे खरे. पण ती पॅन्ट पोटाच्या खाली, जवळजवळ मांड्यांवर राहते, आणि तिच्यावर डेल्बर्टचा उरलेला भाग उंबरठ्यावर ठेवलेल्या पोत्यासारखा ओथंबलेला असतो.

"डेल्बर्ट," मी म्हणालो, "हा आकडा पुन्हा एकदा पाहा."

"मोजलंय, सर."

"कशावर?"

"पट्ट्यावरच. सांगितलं तसंच." त्याने पाकिटाला थुंकी लावून ते बंद केले. "तुम्ही अजून मला नववीतलाच समजता."

समजतो. चूक दाखवणे माझे काम. ती सुधारणे विद्यार्थ्याचे. पाकीट मी टपालात टाकले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माल आला. काम उत्तम होते, यात शंका नाही. कातडे तपकिरी आणि टणक, टाके मोजून घातल्यासारखे, म्यान उलटे करून हलवले तरी पिस्तूल जागचे हलत नव्हते आणि बाहेर काढल्यावरही तोंड उघडे राहत होते. अन्सेलने जे लिहून आले ते अर्ध्या सुताचाही फरक न करता बनवले होते, आणि अडचण तीच होती. पट्टा शेवटच्या भोकात, तोही डेल्बर्टने श्वास कोंडून धरला तरच, कसाबसा लागत असे.

"सकाळी मला हाक मारतात," नेडीन मला म्हणाली. "मग मी त्यांच्या पाठीत गुडघा रोवते आणि घोड्याचा तंग आवळावा तसा ओढते. एकदा बकल लागलं की दहा मिनिटं बोलत नाहीत. तेवढीच शांतता."

"परत का पाठवत नाही?"

"परत पाठवायचा म्हणजे दुसरा आकडा लिहावा लागेल ना, सर."

डेल्बर्टचे स्पष्टीकरण वेगळे होते. "चामडं आखडलं. टपालाच्या गाडीत ऊन लागलं असणार. घालून घालून सैल होईल." हे तो दुकानात, पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, ज्याने विचारले नाही त्यालाही सांगत असे. एप्रिलच्या ज्या आठवड्यात माल आला, त्यात पाच दिवस पाऊस होता.

पट्टा इतका आवळलेला, की बसल्याबरोबर म्यान कुशीत रुतायचे. उभा असेपर्यंत तो भरतीच्या जाहिरातीतला शिपाई असे. खुर्ची दिसली की त्याचा चेहरा बदलायचा. बुधवारच्या सामुदायिक जेवणाला तो माझ्यासमोर बसला. ताटात तळलेला मासा येण्यापूर्वी कोटाखाली हात गेला, दोनदा टिच असा आवाज झाला, आणि म्यान पिस्तुलासकट शेजारच्या खुर्चीवर, टोपीखाली गेले.

"सातवे कलम," मी म्हणालो.

"सर, जेवण म्हणजे काही प्रार्थना नव्हे."

"कलमात इमारत म्हटलंय."

"इमारतीतच आहे की. टोपीखाली." आणि त्याने लिंबू पिळले.

निवड मेच्या तिसऱ्या रविवारी होती. प्रार्थना संपल्यावर साडेबारा वाजता, मागच्या लहान सभागृहात. त्या दिवशी डेल्बर्ट करड्या कोटात, पाठ ताठ ठेवून तिसऱ्या बाकावर बसला. बसला म्हणणे धाडसाचे होईल, टेकला होता. पाद्री हॉलिसचे प्रवचन संयमावर होते आणि लांबले. अर्ध्यावर डेल्बर्ट घामेजला, एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे, आणि शेवटी उठून बाजूच्या दाराने बाहेर गेला. परत आला तो वेगळाच माणूस होता. बाकाला पाठ टेकून, पाय पसरून बसला आणि शेवटचे भजन त्याने दोन सुरांत म्हटले.

भजनानंतर मी पुरुषांच्या स्वच्छतागृहात गेलो. बारा वाजून चार मिनिटे झाली होती. दुसऱ्या खोलीचे दार उघडे होते. आत, कागदाच्या गुंडाळीच्या पत्र्याच्या पेटीवर, ओकची पाने वरच्या बाजूला येतील अशा बेताने ते म्यान ठेवलेले होते. आद्याक्षरे छतावरच्या दिव्यात चकाकत होती. पिस्तूल आत होते. मी ते काढून पाहिले, भरलेले होते. रिकामे करून गोळ्या मी रुमालात बांधल्या. त्या दिवशी इमारतीत एकशे बेचाळीस माणसे होती आणि त्यांत एकेचाळीस मुले. मुलांचा वर्ग पंधरा मिनिटांपूर्वी सुटला होता. ते दार किती वेळ उघडे होते आणि त्या काळात आत कोण कोण डोकावून गेले, हे सांगणारे कोणी नव्हते.

कचेरीतले दप्तराचे कपाट तिथून एकतीस पावलांवर आहे. तेवढ्या चालण्यात मी दोन्ही बाजूंचा विचार केला. वस्तू त्याच्या हातात गुपचूप दिली, तर साडेबाराला तो ती मिरवून दार मिळवील. फ्लॉइडला नक्षी आवडते आणि पाद्री हॉलिसना सगळेच आवडतात. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावले. तरीही मार्गिकेत डेल्बर्ट भेटला तेव्हा त्याला एक संधी दिली.

"डेल्बर्ट, सगळं जागच्या जागी आहे ना?"

"सगळं, सर." त्याने पोटावर थाप मारली. "आणि एक सांगू? चामडं सैल पडलं. म्हणत होतो ना? आज पहिल्यांदाच काही टोचत नाहीये."

मी वही घेऊन सभागृहात गेलो.

सभागृहात आम्ही पाच जण होतो. फ्लॉइडने कुबडी खुर्चीला टेकवली आणि म्हणाला, "भाषणं नकोत. मी वर्षानुवर्षं दोघांना ओळखतो. म्यानं दाखवा, कसं लावलंय ते बघू, मग आम्ही ठरवतो. अर्डिथ."

अर्डिथ उठली, स्वेटरची उजवी बाजू उचलली. काळे, साधे, कडांना झिजून गुळगुळीत झालेले म्यान, पट्टा त्याच्या चिरांतून ओवलेला. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी अन्सेलनं टाके नव्यानं घातले." आणि बसली.

"डेल्बर्ट."

डेल्बर्ट उठला, पण कोटाला त्याने हात लावला नाही. तो खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"फ्लॉइड, आधी तू सांग. माझं पिस्तूल आत्ता कुठल्या बाजूला आहे?"

फ्लॉइडने डोळे बारीक केले. "उजव्या असणार."

"असणार नव्हे. दिसतंय का?" तो सावकाश एक पूर्ण फेरी वळला. "बघा. फुगवटा आहे? कोट ओढला जातोय? आता बसून दाखवतो." तो बसला, उठला, वाकून बुटाच्या नाडीला हात लावला. "याला म्हणतात म्यान. चौदा फेकली तेव्हा हे सापडलं."

"खरंच की," पाद्री हॉलिस पुढे झुकून म्हणाले. "अगदी काहीच दिसत नाही."

"काही म्हणजे काहीच नाही," अर्डिथ म्हणाली. तिची नजर त्याच्या कमरेवर होती. "आणि प्रवचनानंतर चुळबुळपण नाही केलीस, डेल्बर्ट. आधी केवढी चालली होती."

"सवय झाली की असंच असतं. तुला नाही कळायचं."

"नाही कळत खरं."

"बरं, आता उघड," फ्लॉइड म्हणाला.

डेल्बर्टने कोट नाटकाचा पडदा बाजूला सारावा तसा सावकाश उघडला. आत पांढरा शर्ट होता, पट्टा होता, आणि पट्ट्यावर टिचबटणांनी पडलेले दोन चट्टे. त्याचा हात सरावाने तिथे गेला, तिथे काही नव्हते म्हणून मागे गेला, मग दुसऱ्या बाजूला. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले. ते काढून घेण्याचे त्याला सुचले नसावे. शाळेत फळ्यापुढे उभा राहिल्यावर तो असाच हसत असे.

"चोरलं," तो म्हणाला.

"काय चोरलं?"

"पिस्तूल. म्यानासकट. आत्ता बाहेर गर्दी होती ना, सगळे हात मिळवत होते, तेव्हा कुणीतरी..."

फ्लॉइडने पाद्री हॉलिसकडे पाहिले. मी वही उघडली आणि पेनाचे टोपण काढले.

"डेल्बर्ट, इतिवृत्तात नीट यावं म्हणून विचारतो. तुझ्या कमरेवरून कोणी भरलेलं पिस्तूल, दोन टिचबटणं उघडून, म्यानासकट काढून नेलं, आणि तुला ते कळलं नाही. असं लिहू?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. खरे सांगायला त्याच्याकडे तेव्हा भरपूर वेळ होता; मी वाक्य मुद्दाम सावकाश म्हटले होते. विसरलो, एवढाच शब्द हवा होता.

"लिहा, सर."

ज्याच्या कमरेवरचे हत्यार वाटेल त्याला काढून नेता येते, असा माणूस म्हणून दप्तरात राहणे त्याने पसंत केले. पट्टा आवळला म्हणून म्यान काढून ठेवले, हे म्हणणे त्याला नको होते. त्याला दार हवे होते, आणि दाराला कायमचे मुकवणारे उत्तरच त्याने दोहोंतून उचलले. भूमितीतही त्याचे असेच होई.

"मग शेरीफला कळवायला हवं," पाद्री हॉलिस म्हणाले आणि त्यांनी फोन काढला. "बाहेर मुलं आहेत. सगळ्यांना थांबवावं लागेल."

"कळवाच," डेल्बर्ट म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण म्हणाला.

मी उठलो, कचेरीत गेलो, कपाट उघडले आणि म्यान, पिस्तूल व रुमाल आणून टेबलावर ठेवले. ओकची पाने वर.

"बारा वाजून चार मिनिटं," मी म्हणालो. "पुरुषांचं स्वच्छतागृह, दुसरी खोली, कागदाच्या पेटीवर. दार उघडं होतं. पिस्तूल भरलेलं."

पाद्री हॉलिसनी फोन खिशात ठेवला. फ्लॉइडने रुमालाची गाठ सोडली, गोळ्या पाहिल्या, गाठ पुन्हा बांधली.

"चामडं आखडलं होतं," डेल्बर्ट म्हणाला.

"तिथं मुलं जातात, डेल्बर्ट," अर्डिथ म्हणाली.

निर्णयाला दोन मिनिटे लागली. दार अर्डिथला मिळाले. डेल्बर्टचे नाव पहाऱ्याच्या यादीत घालायचे नाही, असा ठराव झाला. पट्टा ओवायचे म्यान आणि मापाचा पट्टा करून आणल्यास, आणि ते माप किट्रेज जिनगराने चिटणीसाच्या समक्ष घेतल्यास, पुन्हा विचार करावा, असे ठरले. तोवर त्याने आवारात नारिंगी जाकीट घालून गाड्या लावून द्याव्यात.

दुसऱ्याच शनिवारी आम्ही अन्सेलकडे गेलो. वाटेत डेल्बर्ट टपालाच्या गाड्यांतल्या उष्णतेविषयी बोलत राहिला. वीस मैल.

अन्सेलच्या कानावर आलेच असणार. मोजपट्टी घेऊन तो उठला आणि या वेळी डेल्बर्टच्या मागे भिंत होती. पट्टी पोटाभोवती फिरली. डेल्बर्टने श्वास आत ओढला. अन्सेल पट्टी धरून स्वस्थ उभा राहिला. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत होते. कधीतरी माणसाला श्वास सोडावाच लागतो. तो सोडल्यावर अन्सेलने अंगठा रोवला. मी वाकून वाचले: चव्वेचाळीस आणि पाव.

"किती आहे?" डेल्बर्टने समोर बघत विचारले.

"पुरेसं आहे," अन्सेल म्हणाला.

जूनच्या अखेरीस पट्टा आणायला गेलो तेव्हाही मी बरोबर होतो. ठरावात चिटणीसाच्या समक्ष असे शब्द आहेत. पट्टा मधल्या भोकात, कोणाच्याही गुडघ्याशिवाय, लागला. म्यान त्यात ओवलेले होते आणि या खेपेला साधे होते. डेल्बर्ट आरशाशी गेला तेव्हा मी दुसऱ्या कोणासाठी तयार होऊन टांगलेला एक पट्टा उलटून पाहिला. आतल्या बाजूला, टोकाशी, मापाचा ठसा असतो. मग मी टेबलावर उघड्या असलेल्या अन्सेलच्या मापांच्या वहीत त्याच गिऱ्हाइकाचे माप पाहिले; वहीतल्या आणि पट्ट्यावरच्या आकड्यांत पाच इंचांचा फरक होता.

"आणि त्याच्या पट्ट्यावर?" मी हळूच विचारले.

"अडतीस," अन्सेल म्हणाला. "फॉर्मवर त्यानं लिहिलं तेच. मोजून घेतलेल्यांना मी नेहमी त्यांना हवा तो आकडा मारून देतो. तीस वर्षं झाली. शेरीफचाही तसाच आहे."

"ही खोटी नोंद आहे, अन्सेल."

"आतल्या बाजूला आहे, सर. वाचतं कोण?"

जे वाचतात त्यांच्यासाठीच ती आहे, हे त्यालाही ठाऊक होते. मी वाद घातला नाही. माझ्या वहीत, डेल्बर्टविषयीच्या ठरावाखाली, मी चव्वेचाळीस पूर्णांक एक चतुर्थांश लिहिले आणि खाली तारीख घातली.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन आवारात शिरलो तेव्हा डेल्बर्ट नारिंगी जाकिटात उभा होता. वर दारात अर्डिथ एकेकाचा हात हातात घेत होती. डेल्बर्टपाशी गुरांचा डॉक्टर थांबला होता. डेल्बर्टने पट्ट्याचे टोक बकलातून सोडवून त्याच्यापुढे उलटे धरले होते.

"वाच. काय लिहिलंय? अडतीस. पहिल्यापासून हेच सांगत होतो. आधीचं चामडंच आखडलं होतं." माझी गाडी दिसताच त्याने तेच टोक माझ्याकडे हलवले. "बघा, सर. माझं माप बरोबर होतं."

मी काच वर केली. त्याने दोन्ही हात हलवून मला जागा दाखवली. तिथे लावल्यावर गाडी पांढऱ्या रेघेपासून चांगली दोन फूट तिरकी आली. मी गाडी मागे घेतली आणि सरळ लावली.